पिकअपचं सस्पेन्शन बदललं आणि गाडी तिरकी उभी राहायला लागली: काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

नवीन स्प्रिंगा, नवीन शॉकअप, मागे नवे कमानपाटे. खर्च झाला, गाडी घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात लांबून बघताना लक्षात येतं की एक मडगार्ड खाली आहे. माझ्याकडे येणाऱ्या पिकअपमध्ये हे दुखणं इतक्या वेळा आलंय की आता गाडी गेटमधून आत येतानाच पहिला प्रश्न ठरलेला असतो: बोल्ट कुठे आवळले होते, जॅकवर की जमिनीवर? असं का विचारतो ते पुढे येईलच.

हे लिखाण मुख्यतः इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स अशा गाड्यांसाठी आहे, म्हणजे पुढे डबल विशबोन (चाक धरून वर-खाली होणारे, वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ एक्सल आणि पाटे. भाजीपाल्याच्या, द्राक्षाच्या क्रेटच्या फेऱ्या मारणाऱ्या पिकअपला आपल्याकडे नुसता एखादा पाटा वाढवतात. अशा गाड्यांच्या मालकांनी पाट्यांचा भाग नीट वाचावा, बाकीचा वरवर वाचला तरी चालेल.

लक्षणं

यातलं तुमच्या गाडीला नेमकं काय होतंय ते आधी ठरवा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

- गाडी डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेली दिसते.
- पुढचा भाग ठरल्यापेक्षा उंच राहिला आहे आणि महिना झाला तरी बसत नाही.
- पुढून ठीक, पण मागून हौदा हवेत. रात्री दिव्यांचा उजेड जवळच रस्त्यावर पडतो. उलट पुढचा भाग उंच असेल तर तो झाडांवर जातो आणि समोरचे लोक डिपर मारतात.
- स्पीड ब्रेकर ओलांडून चाक खाली जाताना पुढून ‘ठक्’ असा धातूचा आवाज येतो.
- जागेवरून गाडी उचलताना मजल्याखाली थरथर जाणवते, वेग वाढला की जाते.
- ब्रेक मारला की नाक पूर्वीपेक्षा जास्त खाली जातं, मागचे ब्रेक लागल्यासारखे वाटत नाहीत.

शेवटची दोन लक्षणं असतील तर उंचीचं काम बाजूला ठेवा आणि आधी लेखाचा शेवटचा भाग वाचा.

पहिली तपासणी: गाडी झुकली आहे की जमीन?

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. अंगणाला, पार्किंगला, पेट्रोल पंपाच्या फरशीला पाण्यासाठी उतार दिलेलाच असतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. गाडी जिथे उभी आहे तिथे चारही मडगार्डची उंची मोजा. मग गाडी फिरवून तोंड उलट्या दिशेला करून चाकं त्याच चार जागांवर आणा आणि पुन्हा मोजा. आधी डावी बाजू खाली होती आणि आता उजवी आहे, तर दोष जमिनीचा. अधिक पक्कं हवं असेल तर गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, पाणी भरा आणि चार चाकांच्या जागा तपासा. माझ्या गॅरेजच्या फरशीवर अशा चार सपाट जागा शोधून रंगानं खुणा केल्या आहेत. उंची मी त्या खुणांवरच मोजतो.

मोजायचं कसं

बरेच जण जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप लावतात. त्यात टायरची हवा, टायरची झीज, सगळंच मिसळतं. एका चाकात हवा कमी असेल तर ती बाजू खाली दिसणारच, त्यात स्प्रिंगेचा काय दोष? म्हणून चाकाच्या मध्यापासून, म्हणजे हबच्या टोपणाच्या मध्यबिंदूपासून, सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. टायर काहीही असो, हा आकडा सस्पेन्शनचाच असतो.

मोजण्याआधी तीन गोष्टी करा. चारही टायरची हवा कंपनीनं सांगितल्याप्रमाणे करा. हौद्यातलं सामान काढा, किंवा रोजचं जेवढं असतं तेवढंच ठेवा. आणि गाडी जॅकवरून नुकतीच उतरवली असेल तर पाच-सात मीटर पुढे-मागे चालवून आणा. हे तिसरं बहुतेक जण विसरतात. चाक हवेत असताना पुढचे आर्म खाली लोंबतात आणि दोन्ही चाकं आत ओढली जातात. जमिनीवर टेकल्यावर टायर रस्ता पकडून ठेवतो, चाकं बाहेर सरकत नाहीत आणि गाडीचं नाक उंचच राहतं. चार फुटांवर हलवली तरी फरक दिसतो. त्यानंतर बंपरवर दोन-तीनदा वजन टाकून सोडा, मग टेप लावा.

चारही आकडे वहीत तारखेसह लिहा, टाकीत डिझेल किती होतं तेही लिहा. टाकी 76 लिटरची धरा. एक लिटर डिझेल साधारण 0.83 किलो भरतं, म्हणजे भरलेल्या टाकीत 63 किलोच्या आसपास वजन, आणि ते एकाच बाजूला. त्यात भर म्हणून उजवीकडे बसणारा चालक धरा. म्हणून दोन बाजूंत 10 मिलिमीटरपर्यंतचा फरक मी दुरुस्त करत नाही. गाडी मालकालाही तसं आधीच सांगतो, कारण तो फरक शून्यावर आणायला गेलं की चालक उतरल्यावर गाडी उलट बाजूला झुकते.

नवीन स्प्रिंगेला बसायला वेळ द्या

काम होऊन आठवडाच झाला असेल तर थांबा. कॉइल थोडी बसते, पाटे जास्त बसतात. साधारण हजार किलोमीटर गाडी चालू द्या, एक-दोनदा नेहमीचा माल भरून घ्या, मग परत मोजा. त्याआधी कॉलर (शॉकअपवरची, स्प्रिंगेची बैठक वर-खाली करणारी आट्यांची चकती) फिरवली तर तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

याच टप्प्यावर स्प्रिंगेवरचा किंवा खोक्यावरचा नंबर वाचा. काही संचांत डावी आणि उजवी स्प्रिंग वेगळ्या उंचीची असते, चालकाच्या बाजूची थोडी लांब. त्या उलट-सुलट बसल्या की गाडी झुकते. अशी गाडी मी पाहिली आहे, दोन स्प्रिंगा अदलाबदल केल्यावर ती सरळ झाली.

आणखी एक. स्प्रिंगा कायमच्या वजनाप्रमाणे निवडायच्या असतात. पुढे लोखंडी बंपर आणि विंच, मागे कॅनोपी आणि सामान, असं गृहीत धरून बनवलेली जड स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर गाडी उंच आणि टणक राहणारच. ह्याला ऍडजस्टमेंट नाही, कॉलर कितीही उतरवा. स्प्रिंग बदलावी लागते, आणि हे मालकाला ऐकायला आवडत नसलं तरी स्पष्ट सांगितलेलं बरं.

झुकाव पुढून की मागून?

पुढचं डावं मडगार्ड खाली आहे म्हणजे दोष पुढच्या डाव्या स्प्रिंगेत, असं धरू नका. मागचे पाटे असमान असले तरी ते चेसिस पिळून पुढचा कोपरा खाली दाबतात.

ओळखायची रीत अशी. सपाट जागेवर पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे पक्के लावा. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग राहत नाही, म्हणून हे आधी. मग ट्रॉली जॅक मागच्या एक्सलच्या मधोमध लावून मागची चाकं जमिनीपासून जेमतेम बोटभर उचला. आता मागचा एक्सल एका बिंदूवर तोललेला आहे आणि गाडीला इकडे-तिकडे झुकवू शकत नाही. पुढची दोन्ही मापं घ्या. झुकाव गेला, तर दोष मागे. तसाच राहिला, तर पुढे. गाडीखाली जायचं नाही, माप बाहेरूनच घ्यायचं.

पुढे दोष दिसला तर स्टॅबिलायझर बारची (डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांडीची) लिंक तपासा. गाडी चाकांवर उभी असताना एका बाजूच्या लिंकचा नट काढा. लिंक हातानं सहज निघत असेल तर ठीक. पान्यानं उचकटावी लागली तर बार पिळलेला आहे, एका बाजूची लिंक चुकीची बसली आहे किंवा वाकली आहे.

बुश: बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो

विशबोनच्या आतल्या टोकाला आणि पाट्यांच्या डोळ्यांत रबरी बुश असतात. रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसला घट्ट धरली जाते. चाक वर-खाली होताना बुश गोल फिरत नाही, रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. म्हणजे बोल्ट ज्या अवस्थेत आवळला ती त्या रबराची विश्रांतीची जागा.

आता गाडी जॅकवर आहे, आर्म पूर्ण खाली लोंबतोय आणि फिटरनं त्याच अवस्थेत बोल्ट आवळले. घाई असते, हात नीट पोहोचतो, म्हणून असं सर्रास होतं. गाडी खाली आली की प्रत्येक बुश पिळला जातो आणि आर्मला खाली ढकलत राहतो. त्यामुळे गाडी उंच उभी राहते, आणि एक बाजू जॅकवर व दुसरी जमिनीवर आवळली असेल तर झुकते. काही महिन्यांनी रबर फाटतं आणि मग उंची अचानक बदलते.

माझ्याकडे एक व्ही-क्रॉस आली होती, डावी बाजू 25 मिलिमीटर उंच. दुसऱ्या गॅरेजमध्ये तिच्या पुढच्या स्प्रिंगा दोनदा बदलून झाल्या होत्या. मी खड्ड्यावर घेऊन लोअर आर्मचे बोल्ट सैल केले, तेव्हा डाव्या बाजूनं ‘कट्’ असा आवाज आला आणि गाडी डोळ्यांदेखत खाली बसली. परत आवळून मोजलं तर फरक 6 मिलिमीटर. दोन्ही स्प्रिंगा निर्दोष होत्या, मालकाचे पैसे मात्र गेले होते. ते मला आजही खटकतं.

दुरुस्ती करताना गाडी चारही चाकांवर हवी, म्हणून खड्डा किंवा चारही चाकं उभी राहतील असा रॅम्प लागतो. लोअर आर्मच्या बोल्टना बहुतेक गाड्यांत अलाइनमेंटची कॅम (फिरवली की आर्म सरकवणारी चकती) असते, तिची जागा आधी मार्करनं आखून घ्या. मग लोअर आर्म, अप्पर आर्म आणि शॉकअपचा खालचा बोल्ट अर्धा-एक आटा सैल करा. मागे पाट्यांच्या पुढच्या डोळ्याचा बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्यांचे) बोल्ट. बंपर दाबून गाडी हलवा, ती स्वतः जागेवर बसेल. आता खुणांवर खुणा जुळवून कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्यानं आवळा. बोल्ट सैल असताना गाडी चालवून बघायची नाही, गेटपर्यंतसुद्धा नाही.

पॉलियुरेथेनचे बुश असतील तर ते रबरासारखे चिकटवलेले नसतात, त्यामुळे हा पीळ त्यांत साठत नाही. त्यांना ग्रीस लागतं, सुके राहिले की किरकिरतात.

पाटे आणि यू-बोल्ट

मागून झुकाव असेल तर आधी दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. हसू नका, एका बाजूला एक पाटा जास्त भरलेली गाडी मी पाहिली आहे. पाटे सारखे असतील तर सेंटर बोल्ट बघा. पाट्यांच्या गठ्ठ्याच्या मधल्या बोल्टचं डोकं एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसायला हवं. ते भोकाच्या काठावर चढलं तर ती बाजू उंच होते, आणि त्याहून वाईट म्हणजे एक्सल पुढे-मागे सरकतो. ओळखण्यासाठी मागच्या चाकाच्या मध्यापासून पाट्याच्या पुढच्या बोल्टपर्यंत दोन्हीकडे मोजा. अंतरात फरक आला तर गाडी रस्त्यावर तिरकी चालते.

यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) काढले की नवीनच घालायचे. ते आवळताना ताणले जातात आणि आटेही दबतात, जुने परत तीच पकड देत नाहीत. चारही नट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्यानं आवळा, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा आणि हजारनंतर आणखी एकदा. नवे पाटे बसले की यू-बोल्ट सैल पडतात, आणि सैल यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो. भरलेल्या गाडीचा सेंटर बोल्ट घाटात तुटला तर काय होईल ते सांगायला नको.

हौदा उंच करायला एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा घालतात. मागे एका बाजूला एकच ठोकळा चालतो. ठोकळ्यावर ठोकळा कधीच नको, आणि पुढे पाटे असलेल्या गाडीत पुढच्या एक्सलवर तर अजिबात नको, कारण ब्रेक मारताना एक्सल पाट्यांखालून फिरायला बघतो.

आता कॉलर किंवा स्पेसर

इथपर्यंत सगळं तपासून झालं आणि तरीही फरक उरला, तरच स्प्रिंगेची बैठक हलवायची. आटे असलेल्या शॉकअपवर कॉलर फिरवून ती वर-खाली करता येते. गणित लक्षात ठेवा: स्प्रिंग विशबोनच्या मध्यावर बसते, चाक टोकाला. त्यामुळे कॉलर 10 मिलिमीटर वर नेली की चाकाजवळ उंची साधारण 17 ते 20 मिलिमीटर वाढते. शॉकअपच्या माथ्यावरच्या स्पेसरलाही (उंची वाढवणाऱ्या जाड चकतीलाही) हेच लागू. इंचाची पट्टी टाकून इंचच उंची मिळेल असं धरलं तर फसगत होते.

कॉलर वर नेल्यानं स्प्रिंग टणक होत नाही. गाडी वर जाते आणि चाकाची खाली जाण्याची जागा कमी होते. ती जागा संपली की खड्ड्यात चाक खाली जाताना शॉकअप टोकाला आपटतो, तोच तो ‘ठक्’. हबपासून मडगार्डचं माप एकदा उभ्या गाडीवर आणि एकदा चाक लोंबत असताना घ्या. फरक दीड-दोन इंचांहून कमी असेल तर उंची जास्त झाली आहे, खाली आणा.

उंची नेहमी दोन्ही बाजूंना थोडी-थोडी बदला, चालवून आणा, मोजा, लिहा. कॉलर फिरवण्याआधी आटे ब्रशनं साफ करा आणि वजन स्प्रिंगेवरून काढा, नाहीतर आटे चावले जातात. जुन्या टॉर्शन बारच्या (कॉइलऐवजी पिळली जाणारी दांडी असलेल्या) गाड्यांत हेच काम ऍडजस्टर बोल्टनं होतं. तिथेही चाक उचलून, आटे मोजून आणि दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवूनच.

उंची ठरल्यावर अलाइनमेंट. आधी केली असेल तर ती वाया गेली, कारण उंची बदलली की टो आणि कॅम्बर (चाकांचे आत-बाहेर वळण्याचे आणि कलण्याचे कोन) दोन्ही बदलतात, आणि उंची वाढली की कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी होतो. गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, स्टिअरिंग आपोआप मध्यावर येत नाही, हा कास्टरचाच परिणाम.

इथे थांबा

कॉइल स्प्रिंग शॉकअपवरून सोडवायची असेल तर घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगेत माणूस मारण्याइतकी ताकद असते आणि बाजारातले साधे दोन हुकांचे कॉम्प्रेसर सटकतात. चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि तो वापरणारा माणूस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या.

जागेवरून निघताना थरथर असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडला आहे. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये मधल्या बेअरिंगची उंची आणि एक्सलवरची पाचर मोजून ठरवावी लागते, अंदाजानं नाही. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढे दोन इंचांहून जास्त उचललं असेल तर एक्सल शाफ्टचे जॉइंट फार तिरके चालतात आणि रबरी बूट फाटतात. बुटाभोवती ग्रीस उडालेलं दिसलं की गाडी थांबवा.

ब्रेकबद्दल सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलला एका दांडीनं जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. हौदा खाली दबला की माल भरलाय असं समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तुम्ही मागून उंची वाढवली आणि दांडी तशीच राहिली, तर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते. मग टनभर माल भरून घाट उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. ही दांडी कशी बसवायची ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि दाब गेज लावून तपासावा लागतो, म्हणून हे काम ब्रेकच्या जाणकाराचंच. स्वतः फक्त एवढं बघा: चाकं पूर्ण लोंबत असताना आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना असताना ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर ताणलेली नको.

बुश झाले, पाटे झाले, अलाइनमेंट झाली आणि तरी दोन बाजूंत 25 मिलिमीटरच्या वर फरक राहिला, तर आर्म वाकलाय किंवा चेसिस. जुन्या अपघाताची गाडी असेल तर चेसिस मोजणाऱ्या दुकानात न्या. स्पेसर टाकून हे झाकू नका.

मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलण्यावर बंधन घालतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये ते कडकपणे लावलं आहे. उंची वाढवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

सगळं झाल्यावर संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट खाली-वर जुळवा. त्या दिवशीचे चार आकडे वहीत शेवटच्या ओळीत लिहा, पुढच्या वेळी झुकाव दिसला तर मोजणी तिथूनच सुरू करायची आहे.